आयाहुआस्काला जाणारी माणसं : कशासाठी जातात आणि नंतर कशी असतात?

केतकीबन (धागाकर्ती)

मी पुण्यात समुपदेशन करते. 'पेरूला जाऊन आलो' असं कोणी म्हटलं की पूर्वी माचू पिचूचे फोटो बघायची तयारी ठेवावी लागायची. हल्ली अधूनमधून असा कोणी भेटतो, जो फोटो दाखवत नाही, आवाज जरा खाली आणतो आणि 'आयाहुआस्काची सेरेमनी केली' म्हणतो. बहुतेक जण परदेशात राहणारे, सुट्टीवर आलेले. त्यांच्याबद्दल इथे काहीही लिहिणार नाही. पण त्यानिमित्ताने बरंच वाचलं आणि शेवटी दोनच प्रश्नांत रस उरला. ही माणसं जातात कशासाठी? आणि आल्यानंतर काही महिन्यांनी, वर्षांनी त्यांचं मन कसं असतं?

आयाहुआस्का म्हणजे ॲमेझॉनच्या जंगलातला काढा. एक वेल आणि चाक्रूना नावाच्या झुडपाची पानं तासन् तास उकळून करतात. पानांत डीएमटी हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य असतं. ते नुसतं गिळलं तर पोटातलं एमएओ नावाचं विकर त्याची वासलात लावतं. वेलीतली हार्मिन वगैरे द्रव्यं त्या विकराला अडवतात, म्हणून काढा चढतो. साधारण अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि चार ते सहा तास टिकतो. उलट्या होतात, कधी जुलाबही. तिथले लोक याला त्रास मानत नाहीत, शुद्धी मानतात.

जाण्याच्या कारणांवर थोडंफार संशोधन झालंय. मायकेल विंकेलमन या मानवशास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये मनौस भागात आलेल्या काही पाहुण्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या (२००५). हे नशेचे पर्यटक आहेत की बरं व्हायला आलेले आहेत, एवढंच त्याला तपासायचं होतं. मौजमजेचं कारण जवळपास कोणीच दिलं नाही. आध्यात्मिक वाढ, जुन्या जखमा, आयुष्याची दिशा, असंच सगळं. २०१५ मध्ये चेक संशोधकांनी ७७ जणांना विचारलं, तिथेही कुतूहल, मानसिक त्रासावर उपाय, स्वतःला ओळखणं, पुढे काय करावं हे शोधणं अशीच यादी निघाली.

ही यादी मला ओळखीची वाटते. माझ्याकडे पहिल्या भेटीला येणारा माणूस जे सांगतो तेच हे आहे, फक्त तिकीट महाग आहे.

आता दुसरा प्रश्न. नियमित घेणाऱ्यांवरचे अभ्यास चकित करणारे आहेत. १९९३ मध्ये चार्ल्स ग्रोब आणि सहकाऱ्यांनी मनौसमध्ये 'उनियाँव दो वेजेताल' या पंथाचे १५ जुने सदस्य आणि न घेणारे १५ जण तपासले. सदस्य तब्येतीने, मनाने ठणठणीत. त्यांतल्या बऱ्याच जणांना पंथात येण्यापूर्वी दारूचा मोठा प्रश्न होता, तो सुटला होता. पुढे होजे कार्लोस बोऊसो आणि मंडळींनी १२७ नियमित घेणारे आणि दुसऱ्या धर्मांत सक्रिय असलेले ११५ जण घेऊन तुलना केली (२०१२), वर्षभराने पुन्हा तपासलं. मानसिक आजाराची लक्षणं काढा घेणाऱ्यांत कमी.

इथे माझी गाडी अडते. हे सगळे लोक एका समूहात राहणारे आहेत. त्या पंथाची सभा महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी असते. शेजारी तेच, गाणी तीच, लग्नं एकमेकांच्या घरात. आणि या अभ्यासांचे हवाले देऊन जो माणूस विमानाचं तिकीट काढतो, तो आठवडाभर अनोळखी लोकांबरोबर झोपडीत राहून सोमवारी ऑफिसला हजर. दोघांचं औषध एकच आहे असं म्हणवत नाही.

तुमचं मत, अनुभव, माहिती लिहा.

तिरपागडा

ताई, इगतपुरीला जा म्हणावं. दहा दिवस, राहणं-जेवण फुकट, उलटी नाही, व्हिसा नाही. शिवाय तोंड बंद ठेवायला लावतात, हा घरच्यांचा फायदा वेगळाच.

मनीमाऊ_कोथरूड

वाचतेय. 'फक्त तिकीट महाग आहे' 😀

रानभूल

धागा आवडला. थोडी भर घालतो, कारण 'हजारो वर्षांची प्राचीन परंपरा' हे वाक्य प्रत्येक रिट्रीटच्या (निवासी शिबिराच्या) वेबसाइटवर असतं आणि त्याखाली जे घडतं ते बरंचसं गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतलं आहे.

पेरूच्या उकायाली नदीकाठचे शिपिबो लोक घ्या. पर्यटक ज्यांच्याकडे जातात त्यांतले बरेच हेच. जुन्या पद्धतीत काढा पिणारा मुख्यतः वैद्य असायचा. तो पिऊन बघायचा की आजार कुठून आलाय, कोणी करणी केलीय का, आणि मग 'इकारो' म्हणजे मंत्रगाणी गायचा. रोगी पुष्कळदा पीतच नसे, समोर पडून राहायचा. कारणंही साधी असायची. ताप उतरत नाही, शिकार मिळत नाही, नवरा घर सोडून गेलाय. 'मला स्वतःला भेटायचंय' म्हणून कोणी येत नव्हतं. आता इकितोस आणि पुकाल्पाच्या आसपास जी केंद्रं आहेत तिथे सगळे पाहुणे पितात आणि वैद्य एकेकाच्या चटईसमोर बसून गातो. ही पद्धत खोटी आहे असं मी म्हणत नाही. परंपरा बदलतात. पण तिला प्राचीन म्हणून विकू नये.

ब्राझीलचे पंथ तर विसाव्या शतकातलेच. 'सांतो दाइमे' १९३० च्या सुमारास आक्रे प्रांतात रायमुंदो इरिनेऊ सेर्रा यांनी सुरू केला. आफ्रिकी वंशाचे रबर कामगार. 'उनियाँव दो वेजेताल' १९६१ चा, संस्थापक जोझे गाब्रियेल दा कोस्ता, तेही रबराच्या मळ्यावरचे. जंगलात चीक काढायला आणलेली, मुळं तुटलेली माणसं होती ही. त्यांना काढ्याइतकीच बिरादरी हवी होती. दाइमेत पांढरा गणवेश, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, हातात खुळखुळे, आणि रात्रभर स्तोत्रं म्हणत ठेक्यात पावलं टाकायची. मध्येच बाहेर जाऊन कोसळलात तर कोणीतरी येऊन पुन्हा रांगेत आणून उभं करतं.

केतकीबन यांचा मुद्दा म्हणून पटतो. कारण नसलेलं अध्यात्म तिथे कधी नव्हतंच, दारू सोडायची होती, पोरं सांभाळायची होती.

अंशछेद

आकडेवारीवाला माणूस आहे, त्यामुळे जरा विरजण घालतो.

एक. पंथातले जुने सदस्य तपासले तर ते निरोगीच दिसणार. ज्यांना झेपलं नाही ते सोडून गेले, ते तुमच्या १५ किंवा १२७ मध्ये नाहीतच. रोज सकाळी टेकडीवर भेटणाऱ्या सत्तरीच्या लोकांना मोजून 'टेकडी चढल्याने आयुष्य वाढतं' म्हणता येत नाही.

दोन. सगळ्यात मोठं सर्वेक्षण 'ग्लोबल आयाहुआस्का सर्व्हे'. त्यावर आधारित दुष्परिणामांचा लेख २०२२ मध्ये आला, १०,८३६ लोक. घेताना शारीरिक त्रास झालेले ६९.९ टक्के, बहुतेक उलटीच, आणि त्यासाठी वैद्यकीय मदत लागलेले २.३ टक्के. पण खरा आकडा पुढचा आहे. नंतरच्या आठवड्यांत वा महिन्यांत मानसिक त्रास जाणवलेले ५५.९ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त. आता गंमत बघा. या त्रास झालेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के म्हणतात की तो त्रास वाढीचाच भाग होता. सुमारे १२ टक्क्यांनी त्यासाठी तज्ज्ञाची मदत घेतली.

हे ८८ टक्के कसे वाचायचे? समर्थक म्हणतात, बघा, त्रासातूनही लोक शिकले. मी म्हणतो, 'बरं व्हायला' एवढा खर्च करून, एवढ्या लांब जाऊन आलेला माणूस त्रासाला त्रास म्हणेल का? जाण्याचं कारणच नंतरच्या उत्तराला रंग देतं. त्यामुळे केतकीबन यांचे दोन प्रश्न वेगळे नाहीत, पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात मिसळलेलं आहे.

तीन, आणि हे मला फार आवडतं. काही युरोपीय संशोधकांनी रिट्रीटमध्येच जाऊन प्लासिबो, म्हणजे खोटं औषध, दिला (२०२१ चा लेख). अर्ध्यांना आयाहुआस्काच्या कॅप्सूल, अर्ध्यांना कोको पावडर, किन्वा, हळद वगैरे असलेल्या. खोली तीच, संगीत तेच, माणसं तीच. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांत नैराश्य, चिंता, ताण कमी. काढ्याच्या गटात भावनिक सहानुभूती वाढली, बाकी फरक फारसा नाही. हळदवाले पण आनंदात घरी गेले.

तिरपागडा

हळद! अरे आमची आजी आयुष्यभर हेच करत होती, आणि आम्ही रिव्ह्यू पण दिला नाही कधी.

केतकीबन

@अंशछेद, टेकडीचा मुद्दा मान्य. पण उलट बाजूचाही अभ्यास सांगा ना. ब्राझीलमध्ये नाताल शहरात २९ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेले. १४ जणांना काढा, १५ जणांना प्लासिबो, तोही मुद्दाम कडू-आंबट आणि मळमळ होईल असा. कोणतं पंथाचं वातावरण नाही, रुग्णालय. सातव्या दिवशी काढ्याच्या गटात ६४ टक्क्यांना उतार, दुसऱ्यात २७ टक्के. २०१९ ला प्रसिद्ध झाली. म्हणजे द्रव्यात काहीच नाही असं नाही.

दोन्ही खरं असू शकतं. रिट्रीटला गेलेले बहुतेक बरेपैकी धडधाकट होते, त्यांच्यात उतरायला जागाच कमी. नातालचे खूप आजारी होते. कोण जातंय यावर उत्तर बदलतं.

@तिरपागडा, इगतपुरीचं तुम्ही थट्टेत लिहिलंत, पण जाणारा माणूस खरंच बऱ्याचदा तोच असतो. आधी विपश्यना, मग श्वासाची शिबिरं, मग पेरू. आणि विपश्यनेच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती उगाच नाही. दहा दिवस मौनात बसून बिथरलेली माणसं मनोविकारतज्ज्ञांकडे येतात. उलटी नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे.

पाणचक्की

नेदरलँड्समध्ये राहतो. लिहू की नको करत होतो, पण धाग्याचा सूर बरा आहे म्हणून लिहितो.

मी आयाहुआस्का घेतलेलं नाही. इथे पूर्वी सांतो दाइमेवाल्यांना मुभा होती, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती काढली. पण सायलोसिबिनचे (मॅजिक मशरूममधलं भ्रमकारी द्रव्य) 'ट्रफल' कायदेशीर आहेत. २००८ मध्ये मॅजिक मशरूमवर बंदी आली तेव्हा जमिनीखाली वाढणाऱ्या या गाठी यादीतून सुटल्या, त्यामुळे सगळी रिट्रीट त्यावर चालतात. मी अशा एकीला गेलो. नाव सांगणार नाही.

अर्जात प्रश्न होता, 'तुम्ही का येत आहात?' मी लिहिलं, 'कुतूहल.' त्या चेक यादीत कुतूहल बघून मला हसू आलं. लिहायला सगळ्यात सोपं तेच आहे. खरं कारण असं की २०२१ मध्ये बाबा गेले तेव्हा विमानं मिळत नव्हती. सांगलीतलं सगळं मी फोनवर बघितलं, ताईने मोबाइल धरला होता आणि तिचा हात थरथरत होता म्हणून चित्र हलत होतं. मला रडू आलं नाही. नंतरही नाही. कामावर जात होतो, सगळं ठीक होतं. बायको म्हणायची, तू ठीक नाहीस. पण डच डॉक्टरकडे जाऊन 'मला रडू येत नाही' ही तक्रार कशी सांगायची?

शेतातलं जुनं घर, गाद्या अंथरलेल्या, डोळ्यांवर पट्टी, बाजूला वाडगा. ट्रफल ठेचून आल्याच्या गरम पाण्यातून दिले. चव आंबूस, कुबट अक्रोडाची. पहिला तासभर नक्षी वगैरे, ते सगळे सांगतात तसंच. मग एकदम बाबांची काळी रेक्झिनची पिशवी दिसली. तिचा बंद एका बाजूने तुटलेला होता आणि बाबांनी तिथे विजेची वायर गुंडाळली होती. ती वायर मी वीस वर्षांत आठवली नव्हती. त्या पिशवीत वीजबिलाच्या पावत्या असायच्या. बस. ब्रह्मांड नाही, देव नाही. पुढचे दोन-अडीच तास मी नुसता रडत होतो. शेजारची बाई हसत होती, तिचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. एक डच आजोबा, तिथले मदतनीस, माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले होते आणि काहीही बोलले नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

नंतर दोन आठवडे छान गेले. तिसऱ्या आठवड्यात झोप उडाली. पहाटे तीनला छातीत धडधड. कारण नसताना मुलावर ओरडायचो. रिट्रीटवाल्यांनी 'इंटिग्रेशन' (आलेला अनुभव पचवणं) म्हणून एक सामूहिक व्हिडिओ कॉल ठेवला होता, तो झालेला होता. मी मेल केली. उत्तर आलं नाही. महिन्याने आलं, पुढच्या रिट्रीटवर जुन्या सदस्यांना सवलत आहे म्हणून.

शेवटी मदत झाली ती ताईची. दर रविवारी फोन करायला लागलो आणि आम्ही बाबांबद्दलच बोलायचो, त्यांचा हट्टीपणा, उधाऱ्या, सगळं. झोप हळूहळू आली. उपयोग झाला का? झाला. पुन्हा जाईन का? नाही वाटत. अंशछेद यांच्या ८८ टक्क्यांत मी बसतो बहुतेक, आणि तुमचं म्हणणं मला लागूही पडत असेल. पण ती वायर आठवली हे खरं आहे.

मनीमाऊ_कोथरूड

काय लिहिलंय. ताईंना नमस्कार सांगा.

अंशछेद

@पाणचक्की, मनापासून लिहिलंत. माझा आकड्यांचा मुद्दा तुमच्यावर रोखलेला नव्हता आणि तुम्ही तो तसा घेतला नाहीत, आभार.

केतकीबन

@पाणचक्की, 'रडू येत नाही' ही पूर्ण वैध तक्रार आहे, ती घेऊन कोणाकडेही जाता येतं. हे इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितेय.

आणि तिसऱ्या आठवड्याबद्दल. नेमकं तिथेच उनियाँव दो वेजेतालचा माणूस पुढच्या शनिवारी तीच माणसं भेटायला जातो. तुम्हाला सवलतीची मेल आली. तुमचे रविवारचे फोन हीच तुमची सभा झाली म्हणायची.

नवखा_०९

भारतात कुठे मिळेल? हिमाचलमध्ये कोणी करतं असं ऐकलं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

संपादक मंडळ

वरील सदस्याला ताकीद. डीएमटी, सायलोसिबिन, एलएसडी, मेस्कलिन हे सगळे अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायदा, १९८५ खाली येतात. धार्मिक विधी म्हणून सूट नाही. एलएसडीच्या बाबतीत ०.१ ग्रॅम ही 'व्यापारी मात्रा' धरली जाते आणि तिथे किमान शिक्षा १० वर्षं सक्तमजुरी आहे. मिळण्याची ठिकाणं, माणसं, मात्रा याबद्दलचे प्रतिसाद उडवले जातील. चर्चा चालू द्या.

तिरपागडा

मग महाशिवरात्रीची भांग?

रानभूल

केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत चरस आणि गांजा म्हणजे फुलोरा येतो, नुसती पानं आणि बिया नाहीत, म्हणून भांग वाचली. राज्यांचे नियम त्याहून वेगळे, ते आपापलं बघावं. पण प्रश्नाच्या पोटातला प्रश्न चांगला आहे. भांगेला आपण वर्षातला एक दिवस आणि एक देव नेमून दिलाय. रोज पिणाऱ्याला भंगडच म्हणतो. समूहाने घातलेली कुंपणं असतात ही.

अमेरिकेतलं पेयोटे (मेस्कलिन असलेलं निवडुंग) तसंच. नेटिव्ह अमेरिकन चर्च १९१८ मध्ये ओक्लाहोमात नोंदवलं गेलं. रात्रभर तंबूत अग्नीभोवती बसायचं, गायचं, पाण्याचा ढोल फिरत राहतो. सभा बोलवायला कारण लागतं. कोणी आजारी आहे, मुलगा सैन्यातून परत आलाय, दारू सुटत नाहीये. २००५ मध्ये जॉन हॅल्पर्न यांनी नवाहो या मूळ अमेरिकी लोकांचा अभ्यास केला. ६१ जण नियमित पेयोटे घेणारे, ३६ पूर्वीचे दारुडे आणि ७९ जण जवळजवळ काहीच न घेणारे. पेयोटेवाल्यांच्या बुद्धीत, स्मृतीत काही उणं सापडलं नाही, आणि मनःस्वास्थ्याच्या काही मापांवर ते उलट बरे निघाले. संशोधकांनी स्वतःच बजावलं की हे इतर भ्रमकारी द्रव्यांना लावू नका.

आणि एक नाव या धाग्यात यायलाच हवं. मारिया साबिना. मेक्सिकोत वाहाका प्रांतातल्या वाउत्ला दे हिमेनेस गावची मासातेक बाई. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन नावाच्या अमेरिकन बँकरला तिने भ्रमकारी अळंबी खाऊन रात्री करायच्या विधीत बसू दिलं. मे १९५७ मध्ये 'लाइफ' मासिकात त्याचा लेख आला आणि लोंढा सुरू झाला. गावात पोलीस आले, गाववाल्यांचा तिच्यावर राग, घर जाळलं गेलं. नंतर तिने सांगून ठेवलंय की वॉसन येण्याआधी नुसता देव शोधायला म्हणून कोणी ती 'लेकरं' (म्हणजे अळंबी) घेत नसे, आजाऱ्याला बरं करायलाच घ्यायचे. बाहेरचे आल्यापासून त्यांची शक्तीच गेली, असंही. प्रेरणांवर जेवढं वाचलंय त्यात याहून नेमकं काही मला सापडलेलं नाही.

सईची_पोळी

सगळे जाणाऱ्यांच्या प्रेरणेबद्दल बोलताय. देणाऱ्यांच्या प्रेरणेचं काय?

या प्रकारात लैंगिक अत्याचाराचे आरोप अनेक देशांत झालेले आहेत, स्थानिक वैद्यांवर आणि परदेशी 'फॅसिलिटेटर' दोघांवरही. लहानपणी अत्याचार सोसलेल्या कित्येक बायका त्यातून सुटका मिळावी म्हणूनच जातात. अंधार, अंगात त्राण नाही, सांगितलेलं पटकन पटेल अशी मनाची अवस्था, भाषा येत नाही, आणि समोरचा 'हा उपचाराचाच भाग आहे' म्हणतो. नंतर तक्रार करायची तर 'तो तुझ्या आतला विरोध बाहेर आला' असं उत्तर. त्रासाला वाढ म्हणणारी ती ८८ टक्क्यांची गोष्ट इथे किती सोयीची पडते बघा.

कोणी बाई जाणारच असेल तर: एकटीने जाऊ नका, रात्रभर खोलीत बायका मदतनीस आहेत का ते आधी विचारा, आणि कपडे काढावे लागतील असा कोणताही विधी नाकारा. परंपरेचं नाव सांगितलं तरी.

केतकीबन

सई, हे मूळ लेखातच असायला हवं होतं असं वाटावं इतकं महत्त्वाचं आहे. पिन करायची विनंती संपादकांना करते.

चिंचपेटी

पहिल्यांदाच लिहितेय, मदत हवी आहे. माझा धाकटा भाऊ टेक्सासला असतो. घटस्फोटानंतर नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, बहुतेक एस्सिटॅलोप्रॅम. पुढच्या महिन्यात पेरूला चाललाय. काल सहज म्हणाला की 'गोळ्या बंद केल्या, त्यांनी करायलाच सांगितल्या आहेत.' आईला यातलं काही माहीत नाही. मी काय करू? मी त्याच्याशी भांडले तर तो मला पुढचं काही सांगणारच नाही.

कडुलिंब

मी नागपूरला मनोविकारतज्ज्ञ आहे. इतके दिवस फक्त वाचत होतो.

चिंचपेटी, भांडू नका हे बरोबर. पण आज फोन करा.

वेलीतली द्रव्यं एमएओ अडवतात, हे वर आलंच आहे. त्याच वेळी अंगात एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन अशी गोळी असेल तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन बेसुमार वाढू शकतं. ताप, थरथर, स्नायू कडक होणं, घाबरगुंडी, नाडी धावणं. याने माणूस दगावू शकतो. म्हणून केंद्रवाले गोळ्या थांबवायला सांगतात, त्यात त्यांचं चूक नाही. चूक यात आहे की ते काम ते ईमेलवर उरकतात. गोळी एकदम बंद केली तर चक्कर, डोक्यात विजेचे झटके, चिडचिड, आणि मूळ नैराश्य उसळून वर येणं, हे सगळं नेमकं प्रवासाच्या सुमाराला होतं. घटस्फोट झालेला, एकटा राहणारा, औषध तुटलेला माणूस. मला त्या काढ्यापेक्षा या चार आठवड्यांची जास्त काळजी वाटते.

त्याला विचारा: गोळी कोणती, किती मिलिग्रॅम, कधीपासून बंद, डॉक्टरांना सांगितलं का. फ्लुओक्सेटिन निघाली तर ती शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळते, पाचेक आठवडे धरावे लागतात. लिथियम (बायपोलरसाठी देतात ते औषध) असेल तर प्रश्नच मिटला, जायचं नाही, अशा द्रव्यांबरोबर झटके आल्याच्या नोंदी आहेत. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं खोकल्याचं औषधसुद्धा चालत नाही, ते लोक विसरतात.

आणि एक प्रश्न तुम्हालाच. तुमच्या घरात, मामा-काका-आत्या कोणालाही, कधी स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर होतं का? 'डोक्यावर परिणाम झाला होता', 'घर सोडून निघून गेले' अशा शब्दांत सांगितलं जातं आपल्याकडे. आईला आडून विचारा. असं असेल तर माझं मत स्वच्छ आहे: भावाने जाऊ नये. एका रात्रीने कायमचा आजार उघडा पडू शकतो.

सगळ्यात आधी मात्र 'जगण्यात अर्थ नाही' असं काही तो बोलतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते भरत नाही. हो म्हणाला तर अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर चोवीस तास मदत मिळते, आणि त्याला एकटं ठेवायचं नाही.

पाणचक्की

चिंचपेटी, त्याला अजून एक विचारा. परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात पहाटे तीनला तो कोणाला फोन करणार आहे? केंद्राचं नाव सांगितलं तर मला व्यनि करा, मी माझी ती मेल त्याला पाठवतो.

चिंचपेटी

झालं बोलणं. सर्ट्रालीन होती, १०० मिलिग्रॅम, बारा दिवसांपूर्वी एकदम बंद. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. डोक्यात झटके येतात म्हणाला, त्याला ते 'शरीर साफ होतंय' असं वाटत होतं. कडुलिंब यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ९८८ चा प्रश्नही विचारला, नाही म्हणाला, पण थोडा वेळ गप्प होता. उद्या सकाळी त्याच्या डॉक्टरकडे वेळ घेतली आहे. तिकीट रद्द केलेलं नाही, पुढे ढकलता येतं का बघतोय.

एका मामाबद्दल आईला विचारायचं राहिलंय. ते आज रात्री.

कडुलिंब

उद्याच्या भेटीत बारा दिवसांचं आणि झटक्यांचं स्पष्ट सांगायला सांगा, लपवू नये. पेरूचंही सांगू दे, तिथले डॉक्टर हे ऐकून आहेत. मामाचं कळलं की लिहा.